विंगेतली फुलं

दुसऱ्या अंकातला प्रवेश. नायक चार वर्षांनी घरी आलाय, नायिका दाराकडे पाठ करून उभी. त्याने हाक मारायची, तिने सावकाश वळायचं आणि फक्त ‘आलास?’ एवढंच म्हणायचं. त्या रात्री ती वळली, तोंड उघडलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. थिएटर खदखदून हसलं. नायक मुरलेला गडी. म्हणाला, ‘सर्दी तीच का अजून?’ टाळी पडली, प्रयोग निभावला. पण अंक पडल्यावर दिग्दर्शक रंगपटात आला तो थेट माझ्यासमोर. ‘ती फुलदाणी कोणी भरली?’

मीच भरली होती. माझं काम खरं केशभूषेचं, पण फुलं माझ्या परसातली म्हणून फुलदाणीही माझ्याच गळ्यात पडलेली. रात्री साडेनऊचा प्रयोग आणि दारालगतच्या टेबलावर निशिगंधाचे डझनभर दांडे. निशिगंधाचं घड्याळ नाटकवाल्यांसारखंच, अंधार पडला की अंगात येतं. दांड्यावरच्या कळ्या खालून वर उमलत जातात आणि वासाचा जोर रात्री चढतो. त्यात वरून दिव्यांचा उबारा. पहिल्या अंकात सुखद वाटलेला वास दुसऱ्या अंकापर्यंत नाकात घुसायला लागला होता. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर कापडी फुलं आली आणि नायिकेच्या अंबाड्यातला निशिगंधही गेला. त्या जागी अबोली आली.

तेव्हापासून या दोन झाडांची तुलना मी मनातल्या मनात करत आलेय. नर्सरीवाले जे सांगतात त्यापेक्षा माझं मत वेगळं आहे. सांभाळायला सोपा तो निशिगंध, पण वापरायला महाकठीण. वापरायला सोपी ती अबोली, पण सांभाळताना रडवते. निदान पुण्यात तरी.

निशिगंधाला बाजारात गुलछडी म्हणतात. कांदे घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, सिंगल की डबल? सिंगलला पाकळ्यांचा एकच फेर, पण वास तिचाच. हार, गजरे, वेणी, अत्तराचा कच्चा माल, सगळं सिंगलवर. डबल भरगच्च दिसते, दांड्यासकट फुलदाणीत आठवडाभर टिकते, पण वासाला मवाळ. आमच्या फुलदाणीत डबल लावली असती तर शिंका आल्या नसत्या, हे शहाणपण नंतरचं. मी लावली होती ‘प्रज्वल’, बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेली सिंगल जात. चैत्र-वैशाखात कांदा टोक वर ठेवून दोन बोटं खोल पुरायचा, भरपूर ऊन द्यायचं, पाणी साचू द्यायचं नाही. तीन-साडेतीन महिन्यांत दांडा येतो. बस.

फक्त एक गोम आहे आणि ती मला सासूबाईंच्या टोमण्यातून कळली. तिसऱ्या वर्षी वाफा हिरवागार झाला, पण दांडा एक नाही. सासूबाई चहाचा कप घेऊन पायरीवर उभ्या. ‘गवत वाढवतेस का गं? गाय तरी आणू या.’ फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती पिलं धरतात, फुलं ती देतात. पण गर्दी झाली की पिलं पोसली जात नाहीत, नुसती पात फोफावते. मग थंडीत पात पिवळी पडली की सगळं उपटायचं, कांदे सुटे करायचे, महिनाभर सावलीत कोरडे ठेवायचे आणि सुपारीएवढे जाडसर तेवढे पुन्हा लावायचे. तेव्हापासून माझे कांदे गंगावनांच्या कपाटावर वर्तमानपत्रात पसरलेले असतात. बॅकस्टेजच्या पोरांनी एकदा त्यातले दोन लसणीचे समजून भुर्जीत टाकायला घेतले होते. मी वेळेवर ओरडले म्हणून बरं.

हे फूल मूळचं मेक्सिकोतलं. तिथल्या अॅझ्टेक लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ हाडाचं फूल. पांढरंफटक आणि गुळगुळीत कळी हातात घेतली की नाव पटतं. रंगमंचावर हा पांढरा रंग फार कामाचा असतो. काळ्या केसांवर पिवळ्या प्रकाशात तो शेवटच्या रांगेतूनही दिसतो, तिथे अबोली विरघळून जाते. म्हणजे दिसण्यात निशिगंध जिंकतो, हे कबूल. पण यू-पिन खुपसली की पाकळी तपकिरी. तिसऱ्या अंकात गळून पडलेलं फूल नायिकेच्या पायाखाली चिरडलं की फरशी निसरडी होते ती वेगळीच.

अबोली दक्षिण भारत आणि श्रीलंका या भागातली, म्हणजे आपल्या अंगणातलीच. नावाप्रमाणे वासाच्या बाबतीत गप्प. वजन तर जवळजवळ नाहीच. किलोभर फुलं म्हणजे पंधराएक हजार नग! म्हणूनच तो हात-दीड हात गजरा खोप्यावर माळला तरी मान दुखत नाही आणि गाणारीच्या नाकातही काही जात नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर शनिवारच्या रात्रीचा गजरा रविवारी दुपारच्या प्रयोगालाही चालतो. दौऱ्यावर याची किंमत कळते. कणसावरचं फूल पूर्ण उमलायला दोन दिवस घेतं, त्यामुळे तोडणीही दिवसाआड. रोज पहाटे उठायला नको.

पण झाड? लाडावलेलं. मुळाशी पाणी साचलं की मान टाकतं, थंडी पडली की रुसतं. माझं पहिलं झाड उभ्या उभ्या सुकलं. उपटून पाहिलं तर मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. सूत्रकृमी! आता कुंडीत निंबोळी पेंड घालते, शेजारी झेंडू लावते आणि सरलेली कणसं खुडत जाते, म्हणजे नवी फुटतात. एकदा अशीच वाळकी कणसं मी पाण्याच्या वाटीत टाकून रंगपटात विसरले. थोड्या वेळात टपटप फुटायला लागली, बिया थेट आरशावर. मेकअपमन खुर्चीतून उठलाच. अबोलीची बोंडं ओली झाली की फटाक्यासारखी उकलतात, हे त्याला कुठून माहीत असणार? मात्र ‘दिल्ली’ म्हणतात ती शेंदरी अबोली बी धरत नाही. ती फाट्यानेच लावावी लागते.

तो फाटा मला मडगावात मिळाला. गोव्यात प्रयोग संपल्यावर एक आजी विंगेत आल्या, हातात केळीच्या सोपटाच्या धाग्यात गुंफलेल्या अबोलीच्या दोन फाती. एक नायिकेला दिली, दुसरी माझ्या केसांकडे बघत माझ्याच हातात ठेवली. ‘दुसऱ्यांचे केस करतेस, तुझ्या डोक्यात काही नाही गो?’ मग घरून झाडाचे तीन फाटे आणून दिले. ओल्या फडक्यात गुंडाळून मी ते विगच्या खोक्यातून पुण्याला आणले. बदल्यात पुढच्या खेपेला त्यांना निशिगंधाचे सहा कांदे दिले आणि ऊन, पाणी, पिलं असं सगळं बजावून सांगितलं.

श्रावणात आजींचा फोन आला.

‘तुझे कांदे पावसात कुजले गो. सगळे. अबोली जगली?’

‘एक जगली, आजी.’

‘एक पुरे,’ म्हणाल्या. ‘दर पावसाला फाटे लाव तिचे. आणि हे बघ, कांदे परत आणू नको. इथे आम्हाला वासाला सुरंगी आहे.’

फोन ठेवला आणि तिसरी घंटा झाली.