रुंद हिशेब कागदाच्या पन्ह्यात कसा बसवावा?

जुन्या नाशकातील एका भांड्यांच्या दुकानातील ही गोष्ट आहे. रमजान तोंडावर आला होता आणि जकातीसाठी येणे-देणे मांडायचे होते. सुमारे तीनशे गिऱ्हाइकांची वर्षभराची उधारी मुलाने एक्सेलमध्ये नीट उतरवली होती. वडिलांना पडद्यावर वाचायची सवय नाही, म्हणून त्याने छपाईचे बटण दाबले. बाहेर आले एकवीस कागद! पहिल्या सातांवर नावे आणि सुरुवातीचे तीन महिने, मधल्या सातांवर नुसते महिने आणि शेवटच्या सातांवर फक्त 'जमा' आणि 'बाकी'. या शेवटच्या कागदांवर नाव मात्र एकाचेही नाही. कागद जुळवताना दोन पाने उलटसुलट झाली आणि एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर वाचली गेली. ज्याने पै न् पै चुकती केली होती, त्याच्याच दारात तगादा गेला. पुढे माफी मागून प्रकरण मिटले, पण वडिलांनी संगणकाचा कागद पुन्हा हातात धरला नाही.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. कुरआनमधील ही सर्वांत लांब आयत होय. मुलाने लिहिण्यात कसूर केली नव्हती. घोटाळा झाला तो छापताना.

मालेगावच्या यंत्रमागधारकाला हे चटकन समजेल. कापडाचा पन्हा मागापेक्षा मोठा घेता येत नाही. कागदाचेही तसेच. ए-४ कागद ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच लांब. दोन्ही बाजूंचा नेहमीचा समास सोडला की उभ्या कागदावर ६.८७ इंच जागा उरते. आता वरील खतावणी मोजू. नावाला २ इंच. गाव, मागील बाकी, जमा आणि अखेरची बाकी यांना प्रत्येकी १ इंच. बारा महिन्यांना पाऊण इंचाप्रमाणे ९ इंच. एकूण १५ इंच. सात इंचांच्या आत पंधरा इंच मावणार कसे? एक्सेल मग उरलेले रकाने मुकाट्याने पुढच्या कागदांवर टाकते.

यावर पुष्कळजण पहिला उपाय करतात तो चुकीचा असतो. छपाईच्या पडद्यावर खाली 'नो स्केलिंग' लिहिलेले असते, तेथे 'फिट शीट ऑन वन पेज' निवडतात. म्हणजे रुंदीही एका पानात आणि तीनशे ओळींची लांबीही त्याच पानात. ११ पॉइंटचे अक्षर दोन पॉइंटांहून बारीक होते. भिंग लावूनही वाचता येणार नाही. त्याच यादीत 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' आहे, ते निवडावे. रकाने सर्व एका पानावर येतात, ओळी मात्र हव्या तितक्या पानांवर खाली जातात. 'पेज लेआउट'मध्ये 'विड्थ'ला एक पान आणि 'हाइट'ला 'ऑटोमॅटिक' दिले तरी हेच होते. हा हुकूम मोठे लहान करतो, लहान मोठे करीत नाही, आणि पूर्वी हाताने टाकलेले पानतोड तो मानत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पण नुसते आवळूनही भागत नाही. पंधरा इंच उभ्या कागदावर बसवले तर सर्व ४६ टक्क्यांवर येते, म्हणजे ११चे अक्षर पाचाचे. मराठीत काना-मात्रा असल्याने आपली अक्षरे इंग्रजीच्या आधीच गिचमिड होतात. म्हणून आधी 'ओरिएंटेशन'मध्ये जाऊन कागद आडवा, म्हणजे 'लँडस्केप' करावा आणि 'मार्जिन्स'मध्ये 'नॅरो' घ्यावे. जागा ११.१९ इंच मिळते आणि प्रमाण ७५ टक्के होते, अक्षर सव्वाआठाचे. मग महिन्यांचे रकाने पाऊण इंचावरून ०.५५ इंचावर आणावेत. पैसे, म्हणजे दशांश काढून टाकले की पाच आकडी रक्कम त्यात बसते. आता एकूण रुंदी १२.६ इंच, प्रमाण ८९ टक्के आणि अक्षर जवळपास दहाचे. चष्मा लावणाऱ्या माणसालाही हे वाचता येते. कागद नऊएक लागतील, एकवीस नव्हेत.

रकाना फार अरुंद केला तर आकड्याच्या जागी #### अशी जाळी दिसते आणि ती तशीच छापली जाते. छापण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे. 'एप्रिल', 'सप्टेंबर' ही लांब डोकी उभी लिहिता येतात किंवा 'रॅप टेक्स्ट'ने दोन ओळींत मोडता येतात. फोन नंबर, पत्ता असे रकाने जकातीच्या हिशेबाला लागत नाहीत. ते 'हाइड' करावेत. लपवलेला रकाना छापला जात नाही आणि हिशेबातूनही जात नाही.

जीएसटीची बिलांची यादी मात्र जास्त हट्टी असते. १ जुलै २०१७पासून पंधरा अक्षरी जीएसटीआयएन, एचएसएन, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी असे रकाने वाढले आणि त्यांतले फारसे लपवताही येत नाहीत. अशा वेळी सरळ ए-३ कागद घ्यावा. ए-४पेक्षा तो प्रत्येक बाजूने सुमारे ४१ टक्के मोठा असतो.

दोन गोष्टी अजून. दुसऱ्या पानापासून रकान्यांची डोकी गायब होतात. 'प्रिंट टायटल्स'मध्ये 'रोज टु रिपीट ॲट टॉप' येथे पहिली ओळ दाखवली की ती प्रत्येक पानावर येते. आणि सर्व करूनही अक्षर मुंगीएवढेच येत असेल, तर दूर कोठेतरी एखाद्या घरात चुकून टिंब पडलेले असण्याचा संभव आहे. कंट्रोल आणि एंड ही बटणे एकत्र दाबली की वापरातले शेवटचे घर सापडते. ते शोधत बसण्यापेक्षा हवा तेवढा भाग निवडून 'प्रिंट एरिया' ठरवून द्यावा. बाहेरचे काहीही छापले जाणार नाही.

गुगल शीट्स वापरणाऱ्यांनी छपाईच्या वेळी 'स्केल'मध्ये 'फिट टू विड्थ' घ्यावे.

घरी प्रिंटर नसेल आणि बाहेरच्या दुकानातून छापून घ्यायचे असेल, तर एक्सेलची फाइल नेऊ नये. तेथील संगणकात आपला मराठी टाइप नसला किंवा प्रिंटर निराळा असला, तर रकाने पुन्हा सरकतात. घरीच पीडीएफ करावी, प्रत्येक पानावर नाव आणि बाकी एकाच ओळीत आहे ना ते पाहावे आणि तीच फाइल द्यावी.