चिलटांसाठी बाटलीचा सापळा

हंगामाच्या सणानंतर मंडळींकडून आमच्या वसतिगृहात केळी, पेरू, पपया, सीताफळे येतात. सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून टोपलीत राहतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोपलीवर चिलटे जमतात. काही बंधुभगिनींनी फवारण्याचे औषध देऊ केले. त्यांचे मनापासून आभार. पण जिथे साठ मुलींचा भात निवत ठेवलेला असतो, तिथे विषारी फवारा मारणे मला पटत नाही. साधा सापळा पुरतो, आणि तो आपल्याही घरी करता येईल.

जॅमची रिकामी बाटली घ्यावी. तिच्यात दोन बोटे व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब घालावेत. व्हिनेगर नसल्यास अर्धा कप पाण्यात चमचाभर गूळ विरघळवून त्यात जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाकावा आणि दोन-तीन दिवस आंबू द्यावे. आंबवणे महत्त्वाचे, कारण चिलट नुसत्या गोडाला नव्हे, आंबल्याच्या वासाला भुलते. मोहाची फुले भिजवली तर तीही आंबतात आणि चालतात, असे मुलींनीच सांगितले. पण तो वास वसतिगृहात नको, असे आम्ही ठरवले.

साबण कशासाठी? चिलट इतके हलके असते की ते पाण्यावर बसून पुन्हा उडते. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ते बुडते. बाटलीच्या तोंडावर भेळेच्या पुड्यासारखा कागदाचा कोन बसवावा. खालचे भोक आगकाडी सहज जाईल एवढे असावे, आणि टोक पाण्याला लागू नये. वासाने चिलट कोनातून आत उतरते, पण परत येताना ते भोक त्याला सापडत नाही. काचेवरच उजेडाकडे धडपडत राहते. या काळात फळे झाकून ठेवावीत, नाहीतर ते बाटली सोडून केळ्यावरच बसणार.

दोन दिवसांत बाटली काळी झाली तरी काम संपत नाही. सापळ्यात फक्त उडणारी चिलटे येतात. पिकल्या फळावर घातलेल्या अंड्यांतून अळी, कोष आणि नवे चिलट तयार व्हायला उबदार हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून बाटली दोन आठवडे ठेवावी, पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे, आणि अंडी कुठे आहेत ते शोधावे. खरकट्याची बादली, ओले पोतेरे, मोरीची जाळी, सिलिंडरमागे घरंगळलेला कांदा. आमच्याकडे पोत्याच्या तळाशी सडलेला एकच बटाटा निघाला; तो टाकला आणि त्यानंतर चिलटे हळूहळू ओसरली.

खिडकीतल्या कुंड्यांभोवती उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या मात्र निराळ्या. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, व्हिनेगरने फारसे साधत नाही. पिवळ्या पुठ्ठ्यावर एरंडेल चोपडून तो काडीने मातीत उभा करावा आणि वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये.

आपल्या घरी जॅम-लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या असतील तर धुऊन पुढच्या फळांबरोबर पाठवाव्यात. झाकणे नसली तरी चालतील.