नाकाला न कळणारी नासाडी

मासळीची पारख आपण नाकाने करतो. समुद्री मासळीच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे गंधहीन द्रव्य असते. मासळी शिळी होऊ लागली की काही जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तो ओळखीचा उग्र वास सुटतो. हा वास म्हणजे निसर्गाने दिलेला इशाराच.

आता मासळी बंद पाकिटातही मिळते. त्यातली हवा काढून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन भरतात. कार्बन डायऑक्साइड मासळीतल्या पाण्यात विरघळतो आणि नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंची वाढ मंदावते. मासळी जितकी थंड, तितका तो जास्त विरघळतो. नायट्रोजन पाकीट चेपू देत नाही. अशी मासळी अधिक दिवस टिकते.

पण गोम इथेच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू प्राणवायू नसेल तिथेच फोफावतो. त्याचा मासळीत आढळणारा 'ई' प्रकार ३.३ अंश सेल्सिअसलाही वाढू शकतो आणि जीवघेणे विष तयार करतो. वास सोडणारे जिवाणू दबलेले असल्याने वास येण्याआधीच विष तयार होऊ शकते. इशारा देणाराच गप्प झालेला असतो!

तेव्हा अशी थंड मासळी ३ अंशांखाली किंवा बर्फात ठेवावी, पाकिटावरची तारीख पाळावी. गोठवलेली, हवाबंद पाकिटातली मासळी वितळवण्यापूर्वी पाकीट उघडावे आणि ती फ्रिजमध्येच वितळू द्यावी. पाकिटातला वायू मदतनीस आहे. खरी राखण थंडावाच करतो.