शास्त्रदानाची नवी वाट : वैद्यकीय संशोधन रुग्णाच्या दारी

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान. यांतील पहिल्या दोहोंच्या खुणा विदर्भातील बाजारपेठेच्या गावांत ठळकपणे दिसतात. भोजनशाळा, धर्मादाय दवाखाने, शस्त्रक्रियेसाठी दिलेली मदत हे सर्व व्यापारी समाजाच्या अंगवळणी पडलेले आहे. शास्त्रदानाचा विचार मात्र बहुधा धर्मग्रंथांच्या प्रकाशनापाशी थांबतो. आजारी माणसाला त्याच्या आजाराविषयी जगात काय सिद्ध झाले आहे आणि काय झालेले नाही, हे वाचावयास मिळणे हेही शास्त्रदानच होय. औषध विकत घेता येते. परंतु त्या औषधाविषयीचे संशोधन आजही पुष्कळदा कुलपात असते.

या प्रश्नाची निकड यवतमाळ जिल्ह्याइतकी क्वचितच कोठे जाणवली असेल. 2017 च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात येऊ लागले. शेकडो जणांना उपचार घ्यावे लागले; एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. अशा वेळी रुग्णाच्या नातेवाइकांपुढे साधे प्रश्न असतात. शरीरात नेमके कोणते रसायन गेले? त्यावर उतारा आहे काय? दिला जाणारा उतारा खरोखर उपयोगी पडतो काय? या प्रश्नांवर संशोधन झालेले आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे काम तर महाराष्ट्रातीलच आहे.

ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिनच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम हे औषध देण्याची पद्धत आहे. बारामती येथील एका खासगी अतिदक्षता रुग्णालयात 200 रुग्णांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये ‘द लॅन्सेट’ या विख्यात ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रॅलिडॉक्सिम थांबून थांबून दिलेल्या गटात शेकडा 8 रुग्ण दगावले. तेच औषध मोठ्या मात्रेत सलग शिरेवाटे दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण शेकडा 1 होते. पुढे 2009 मध्ये श्रीलंकेतील 235 रुग्णांवरील अभ्यास ‘प्लॉस मेडिसिन’ मध्ये आला. त्यात हे औषध मिळालेल्यांपैकी सुमारे शेकडा 25, तर न मिळालेल्यांपैकी सुमारे शेकडा 16 रुग्ण दगावले. म्हणजे औषधाचा लाभ दिसला नाही.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक, तरी निष्कर्ष वेगळे. कारण त्यांनी विचारलेले प्रश्नच वेगळे होते. बारामतीत सर्वच रुग्णांना औषध मिळाले होते; तुलना होती ती देण्याच्या पद्धतीची. श्रीलंकेत औषध देणे आणि न देणे यांची तुलना होती. रुग्ण किती लवकर पोहोचला, विष कोणते व किती होते, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय कितपत होती, यांवरही निकाल अवलंबून असतो. ज्याला दोन्ही निबंध वाचावयास मिळतात त्यालाच हे उमगते. यांतील श्रीलंकेचा निबंध पहिल्या दिवसापासून सर्वांना विनामूल्य खुला होता. बारामतीचा मात्र वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकात आला. आपल्याच मातीतील रुग्णांवर झालेले संशोधन आपल्याच माणसांना सहजी वाचता येऊ नये, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

या व्यवहाराचा ताळेबंद मांडला तर व्यापारी मनाला नवल वाटेल. संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी तिजोरीतून होतो. निबंध लिहिणाऱ्याला प्रकाशक मोबदला देत नाही. तो तपासणारे तज्ज्ञही बहुधा विनावेतन काम करतात. रुग्ण आपले शरीर आणि आपली माहिती देतात. इतके सर्व झाल्यावर एकच निबंध वाचण्यासाठी बाहेरच्या वाचकाला तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. भांडवल सर्वांचे, माल एकाच्या वखारीत, अशी ही स्थिती आहे.

ती बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1997 मध्ये ‘पबमेड’ ही निबंधांची सूची सर्वांना विनाशुल्क केली आणि 2000 मध्ये संपूर्ण निबंधांचे ‘पबमेड सेंट्रल’ हे भांडार उघडले. त्याच 1997 साली मुंबईत डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी ‘हेल्प’ हे रुग्णांसाठीचे विनामूल्य आरोग्य ग्रंथालय सुरू केले. 2007 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वर्गणी भरून ‘कॉक्रेन लायब्ररी’ भारतातील सर्व रहिवाशांना खुली केली. अलीकडे केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली. जानेवारी 2025 पासून सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना उपलब्ध होऊ लागली. पाऊल मोठे आहे. परंतु त्याचा लाभ विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांना. दारव्हा, वणी वा पुसद येथील रुग्ण या दाराबाहेरच उभा आहे.

कुलूपबंद ज्ञान मोकळे करण्याचा धडा जैन समाजाला परका नाही. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेची ताडपत्रे मूडबिद्री येथे शतकानुशतके जपली गेली. पण भाविकांना त्यांचे दर्शनच काय ते घडे, अध्ययन नव्हे. पुढे नकला बाहेर आल्या आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये पहिला खंड अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. त्यामागे आजच्या विदिशा येथील एका श्रेष्ठी घराण्याचा निधी होता. पुढे सोळा खंडांत हे कार्य पूर्णत्वास गेले. ज्यांनी ताडपत्रे सांभाळली त्यांचे ऋण मोठे. तथापि ज्यांनी ती वाचकांच्या हाती दिली त्यांचेही ऋण तितकेच मोठे आहे. यवतमाळच्या शेजारच्याच नगरात घडलेला हा इतिहास आहे.

आज त्याच वाटेने काही गोष्टी सहज करता येतील. मंदिराच्या वा स्थानकाच्या वाचनालयात एक संगणक आणि आठवड्यातून दोन तास देणारा, इंग्रजी जाणणारा एखादा पदवीधर एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ‘पबमेड’ वर निबंधाचा सारांश विनामूल्य मिळतो. संपूर्ण निबंध खुला नसेल तर लेखकाला नम्रपणे पत्र लिहावे. आपल्या निबंधाची प्रत अनेक संशोधक आनंदाने पाठवतात. ‘कॉक्रेन’ ची सोप्या भाषेतील सारांशपत्रे सर्वांना खुली आहेत. कोणत्या औषधाची चाचणी देशात कोठे सुरू आहे, हे 2007 पासून असलेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’ मध्ये पाहता येते. अशा सारांशांचा शुद्ध मराठी अनुवाद करून तो जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घेणे, ही तर खरी ग्रंथसेवा ठरेल.

वाचताना मात्र खातेवही तपासणाऱ्याची दक्षता हवी. रुग्ण किती होते? तुलना कशाशी केली? खर्च कोणी केला? एकट्या निबंधावर विसंबावे की अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा पाहावा? आणि जे वाचले ते घेऊन डॉक्टरांकडेच जावे. वाचनाने उपचार ठरवावयाचा नसतो. डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारावयाचा असतो. निबंध वाचून स्वतःच औषध बदलणे किंवा बंद करणे हा आत्मघात होईल.

जिल्ह्यातील अनेक कृषी सेवा केंद्रे व्यापारी कुटुंबांची आहेत. त्यांच्यासाठी ही गोष्ट अधिक जवळची आहे. सर्व कीटकनाशके एका गटातील नसतात. ऑर्गनोफॉस्फरसवरील उतारा दुसऱ्या गटातील विषावर चालेलच असे नाही, आणि काही रसायनांवर विशिष्ट उताराच नाही. म्हणून रसायनाचे नाव बिलावर ठळक लिहावे. विषबाधा झाल्यास बाटली किंवा तिचे लेबल रुग्णासोबत दवाखान्यात न्यावे, हे गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी सांगावे. याला खर्च लागत नाही, फक्त दोन वाक्ये लागतात.

श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते, ज्ञानपंचमीला ज्ञानाची आराधना होते. त्या दिवशी गावोगावी असा एखादा आरोग्य-वाचनकक्ष उघडला, तर चार दानांतील औषधदान आणि शास्त्रदान एकाच छताखाली येतील, आणि फवारणीला निघालेल्या एखाद्या मजुराच्या वाट्याला तिसरे, म्हणजे अभयदानही येईल.