पर्पल जर्सीतला न्यायमूर्ती

आपल्या हॉस्टेलवर फुटबॉल म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. टीव्ही रूममधल्या रात्री उशिराच्या मॅचेस, आणि त्यानंतर रेक्टर सरांचा आवाज. पण मित्रांनो, या लेखातला फुटबॉल तो नाही. हा अमेरिकन फुटबॉल. यात बॉल लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. मग त्याला फुटबॉल का म्हणतात, ते मला विचारू नका. आणि माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

विषय सुचला तो माझ्या केटीमुळे. मागच्या सेमला माझी एम-थ्री राहिली. त्याच सेमला मी कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होतो. घरी फोन केला तर पप्पा ओरडले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले, "दोन्ही जमत नसेल तर एक काय ते ठरव." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसांत रूममेटने मला अॅलन पेज या माणसाबद्दल सांगितलं, आणि एम-थ्रीचं पुस्तक उघडायच्या ऐवजी मी त्याच्याबद्दलच वाचत बसलो.

आधी खेळ समजून घेऊ. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर बॉल दुसऱ्यांकडे. हल्ला करणाऱ्या टीमचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. बॉल त्याच्या हातात येतो, मग तो लांब फेकायचा की कुणाच्या हातात द्यायचा हे तो बघतो. फोटो त्याचा, पैसा त्याचा, जाहिराती पण त्याच्याच. डिफेन्सिव्ह टॅकल हा याच्या बरोबर उलटा माणूस. तो रांगेच्या मधोमध एक हात जमिनीला टेकवून वाकून उभा राहतो. बॉल हलला रे हलला की समोरची भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं. हातात वेळ दोन-तीन सेकंद. आणि भिंत म्हणजे शंभर किलोच्या पुढचे एक किंवा दोन गडी, ज्यांना याला अडवण्याशिवाय दुसरं काम नाही. कबड्डीत सगळा डिफेन्स एका रेडरवर तुटून पडतो. इथे डिफेन्समधलाच माणूस घुसतो.

अॅलन पेजचा जन्म १९४५ चा, ओहायो राज्यातल्या कँटन गावचा. गावात स्टीलचे कारखाने, आणि कृष्णवर्णीय मुलाने मोठं झाल्यावर तिथेच कामाला लागायचं अशी साधारण रीत. त्याला ते नको होतं. टीव्हीवर पेरी मेसन नावाच्या वकिलाची मालिका लागायची, ती बघून त्याला वकील व्हावंसं वाटायचं. (आमच्या बॅचमध्ये सिनेमे बघून इंजिनिअर झालेले बरेच आहेत, त्यामुळे हसू नका.) तो तेरा वर्षांचा असताना आई गेली. पुढे नोट्र डेम विद्यापीठात शिकला, १९६६ मध्ये तिथली टीम राष्ट्रीय विजेती होती, आणि १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला पहिल्या फेरीतच उचलला.

व्हायकिंग्जची जर्सी जांभळी. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या पुढच्या चौघांना लोक 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणायचे, जांभळे नरभक्षक म्हणा ना. त्यांचं आपसातलं वाक्य होतं, "क्वार्टरबॅकपाशी भेटू." पेज उंचीला एक मीटर त्र्याण्णव, वजन साधारण एकशे दहा किलो. त्याच्या जागेसाठी हे काही फार नाही. पण समोरचा ताठ उभा राहायच्या आत हा त्याच्या बगलेतून गेलेला असायचा. कायनेटिक एनर्जीच्या सूत्रात वस्तुमान एकदाच येतं, वेगाचा वर्ग येतो, हे आपण अकरावीत पाठ केलं. पेजने ते वापरलं.

१९७१ मध्ये एनएफएलचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर ठरला तो अॅलन पेज. असोसिएटेड प्रेसचा हा मान डिफेन्सच्या खेळाडूला पहिल्यांदाच मिळत होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८६ मध्ये, तो लॉरेन्स टेलरला मिळाला. हे दोन सोडले तर डिफेन्सवाल्यांच्या वाट्याला तो आलेलाच नाही. मात्र सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, व्हायकिंग्ज पेजच्या काळात चार वेळा खेळले आणि चारही वेळा हरले. यावर अजून काय लिहिणार.

आता माझ्या कामाचा भाग. वकिलीचं कॉलेज त्याने खेळायला लागल्यावर लवकरच धरलं होतं, आणि थोड्याच आठवड्यांत सोडून दिलं. हे वाचून मला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर १९७५ मध्ये त्याने मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये पुन्हा नाव घातलं. तेव्हा तो तीस वर्षांचा, नावाजलेला खेळाडू, घरी बायको-मुलं. सीझन सांभाळून तीन वर्षं शिकला आणि १९७८ मध्ये डिग्री घेतली.

आणि त्याच वर्षी टीमने त्याला काढून टाकलं.

झालं असं, की बायकोने सिगरेट सोडायची म्हणून पळायला सुरुवात केली. तिच्याबरोबर हाही पळायला लागला आणि त्याला त्याची चटकच लागली. लांब पळणाऱ्याचं वजन उतरणारच, ते शंभर किलोच्या आसपास आलं. कोच बड ग्रँटचं म्हणणं, एवढ्या वजनात तो समोरच्याला रेटू शकत नाही. सीझन अर्ध्यावर असताना त्याला मोकळं केलं. तिथला नियम असा, की सोडलेल्या खेळाडूवर दुसरी टीम ठरलेली फी भरून हक्क सांगू शकते. शिकागो बेअर्सने तो घेतला. फी होती शंभर डॉलर! सात वर्षांपूर्वीचा सर्वोत्तम खेळाडू, शंभर डॉलरला. बेअर्सचा कोच नील आर्मस्ट्राँग (चंद्रावरचा नव्हे) आधी व्हायकिंग्जच्याच डिफेन्सचा कोच होता, त्यामुळे आपण काय घेतोय हे त्याला पक्कं माहीत असणार.

कोच चूक होता असं मी म्हणणार नाही. त्याला भिंत पाहिजे होती. पण त्यानंतर पेज बेअर्ससाठी १९८१ पर्यंत ५८ मॅचेस खेळला. व्हायकिंग्जच्या १६० धरून एकूण २१८, आणि मध्ये एकही चुकवली नाही. १९७९ मध्ये त्याने पूर्ण मॅरेथॉन पळून काढली, एनएफएलमध्ये खेळत असताना असं करणारा तो पहिलाच. त्याच वर्षी मिनिआपोलिसच्या एका लॉ फर्ममध्ये कामाला लागला. इथे मला सबमिशन आणि प्रॅक्टिस एका आठवड्यात आले की ताप येतो.

खेळ थांबल्यावर तो राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ऑफिसात सरकारी वकील झाला. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोक मतदानाने निवडतात, सहा वर्षांसाठी. १९९२ मध्ये पेजला उभं राहायचं होतं, तर गव्हर्नरने त्या जागेवरच्या न्यायाधीशाची मुदत वाढवून दिली आणि निवडणूकच गायब. पेजने केस टाकली. आता सर्वोच्च न्यायालयाच्या जागेची केस तिथलेच न्यायाधीश कसे ऐकणार? म्हणून ती वेगळ्या न्यायाधीशांच्या पॅनलपुढे चालली, पेज जिंकला, निवडणूक झाली आणि तीही तो जिंकला. त्या न्यायालयात बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय. १९९८, २००४, २०१० असा पुन्हा पुन्हा निवडून आला आणि २०१५ मध्ये सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे निवृत्त झाला. न्यायमूर्तींना 'ते' म्हणायला हवं खरं, पण मघापासून 'तो' चाललंय, राहू द्या.

मध्येच राहिलं. एनएफएलचं हॉल ऑफ फेम त्याच्याच कँटन गावात आहे, आणि ती इमारत बांधली जात असताना तरुण पेजने तिथे मजुरी केली होती. १९८८ मध्ये त्याच इमारतीत त्याचं नाव लागलं. समारंभात आपली ओळख करून द्यायला बहुतेक खेळाडू जुना कोच किंवा टीममधला जोडीदार बोलावतात. याने मिनिआपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बोलावल्या, विलरीन बीझली. आणि स्वतःच्या भाषणात तो फुटबॉलपेक्षा शिक्षणावरच जास्त बोलला. त्याच वर्षी त्याने पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. स्कॉलरशिप मिळणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी लहान शाळकरी मुलांना वेळ द्यायचा, ही तिथली अट.

पप्पांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्याला केटी लागली होती का?" मी म्हटलं, कॉलेज सोडलं होतं की. त्यावर ते काही बोलले नाहीत. एम-थ्रीची परीक्षा आणि झोनलच्या मॅचेस यांच्यात चार दिवसांचं अंतर आहे. अजून टीममधून नाव काढलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या कबड्डीवाल्यांना लगेच कळेल. खेळताना पेजच्या डाव्या-उजव्या कुठल्या तरी हाताची करंगळी वारंवार निखळायची, शेवटी ती कायमची आडवी झाली, बाकीच्या बोटांशी जवळपास नव्वद अंशात. तो शाळांमध्ये गेला की मुलं कोर्टाबद्दल नाही, त्या करंगळीबद्दल विचारायची. मग २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या मुलीने मिळून त्या करंगळीवरच मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. नावात 'पर्पेंडिक्युलर' हा शब्द आहे. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सरांना दाखवायला हवं.