हल्क हिरवा का झाला?

मागच्या सुट्टीत आमच्या माकणी गावच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, आणि आत काय सापडलं? इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा! वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, सगळे कॉमिक्सवीर तिथे दाटीवाटीनं बसलेले. पानं पिवळी पडलेली, पण चित्रं अजून झकास!

मी भिंग आणलं आणि वेताळाच्या गालावर धरलं. अरेच्चा! गाल कुठे गेला? पांढऱ्या कागदावर नुसते ठिपकेच ठिपके!

मग लांबून गाल दिसतो कसा? हिवाळ्यात आमच्या गावच्या निम्न तेरणा धरणाच्या भिंतीवरून लांबचं करडईचं रान बघा. एकेक फूल कुठे दिसतं? दिसतो तो एकच पिवळसर हिरवा पट्टा. डोळ्याला फार जवळजवळच्या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. एक मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके चांगल्या नजरेलाही साधारण साडेतीन मीटरपलीकडे एकच वाटू लागतात. कॉमिक्समधले ठिपके तर त्याहून बारीक, म्हणून हातभर अंतरावरूनच ते एकमेकांत मिसळतात. म्हणजे तो गुलाबी गाल कागदावर नसतोच, तो तुमच्या डोळ्यांत तयार होतो!

छापखान्यात शाया चारच: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. काळी रेषांसाठी. जुन्या अमेरिकी कॉमिक्समध्ये उरलेल्या तिघींना प्रत्येकी चार पर्याय असत: अजिबात नाही, विरळ ठिपके, दाट ठिपके किंवा पूर्ण भरलेला रंग. करा गुणाकार. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग! एवढ्याशा रंगपेटीत चित्रकारांनी आख्खं अंतराळ उभं केलं. जॅक कर्बी तर ठिपक्यांचा राजाच. ‘फँटॅस्टिक फोर’ ही चौघांची टोळी त्यानं आणि लेखक स्टॅन लीनं १९६१ मध्ये आणली. पुढे अंतराळातली प्रचंड ऊर्जा दाखवायला तो लहानमोठ्या काळ्या गोळ्यांचे पुंजके काढू लागला. गोळे काळे, पण त्यांच्या मधली जागा अशी झगझगते की बघत राहावं! मला आजच्या गुळगुळीत चित्रांपेक्षा ही जुनी पानंच जास्त आवडतात.

आता हल्क. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता, बरं का! पण राखाडी रंग मोठा हट्टी. तीन शायांचा तोल अचूक जमला तरच तो जमतो. एखादी शाई थोडी जास्त झाली की रंग तिच्याकडे झुकतो. त्या अंकात हल्क एका चौकटीत फिका, तर दुसऱ्या चौकटीत काळपट. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा करून टाकलं, आणि १९६३ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या टोळीत तो आला तो हिरवाच!

आपल्या वेताळाचंही तसंच झालं. १९३६ मध्ये तो वर्तमानपत्रात आला, तेव्हा त्याची चित्रपट्टी काळी-पांढरी होती आणि लेखक ली फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली, आणि छापणाऱ्यांनी पोशाख जांभळा करून टाकला. इटलीत तर तो लाल छापला गेला.

घरात जुनं कॉमिक असेल तर रद्दीत देऊ नका. आधी त्यावर भिंग धरा आणि एखाद्या वीराच्या नाकावर किती रंगांचे ठिपके आहेत ते मोजून आम्हाला कळवा.