एका अक्षराची चूक

माझ्या एका कवितेत अंगणात मोर आला होता. छापताना त्याचा ‘चोर’ झाला. एका अक्षराने घात केला. शरीरातही असेच घडते.

पेशीच्या केंद्रकात डीएनएची मूळ संहिता असते. तिची अक्षरे चारच. ती केंद्रकातच राहते; हव्या त्या जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, तेवढी बाहेर पडते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि वाचेल तसे एकेक अमिनो आम्ल मण्यासारखे ओवत प्रथिनाची माळ करतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी असतात. जनुकात एका ‘ए’च्या जागी ‘टी’ आला, की सहाव्या मण्याच्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मग तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य कळा येतात. हाच सिकलसेल. गडचिरोली-नंदुरबारकडच्या अनेक घरांना तो ठाऊक आहे.

ही चूक आई किंवा वडील, एकाकडूनच आली, तर माणूस नुसता वाहक, बहुधा धडधाकट. पण नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी पत्रिकेबरोबर रक्तही तपासून घ्या. माझ्या चोराचा पुढच्या आवृत्तीत मोर करता आला. इथे पुढची आवृत्ती म्हणजे आपले मूल असते.